वाचताना अडखळणारा मित्र

बारामतीहून इंदापूरला एस.टी.ने निघालात, तर वाटेत काटेवाडी, सणसर, लासुर्णे, निमगाव केतकी अशी गावे लागतात. गावांच्या पाट्या तुम्ही सहज वाचता. पण तुमच्या वर्गात असाही एखादा मुलगा असेल, की ज्याला ही सारी गावे ओळीने तोंडपाठ आहेत, बाजाराचा हिशेब तो तोंडी चुटकीसरशी करतो. पुस्तक हातात घेतले, की मात्र 'घर'चे 'धर' वाचतो, घाम पुसतो आणि गप्प बसतो. वर्ग हसतो. त्याला 'ढ' म्हणतात. पुढे शाळाच नको, असे त्याला वाटू लागते. खरोखरच तो ढ असतो का?

असाच प्रश्न पूर्वीही पडला होता. १८९६ साली इंग्लंडमधील डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा हुशार, गणितात चांगला. पण वाचन जमेना. सर्व शिक्षण तोंडी असते, तर हा शाळेत सर्वांत चलाख ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते. या अडचणीला आज 'डिस्लेक्सिया' म्हणतात. हा बुद्धीचा दोष नव्हे, आळसही नव्हे. पुष्कळदा ती एकाच घराण्यात अनेकांना असते.

मग हे घडते कसे? बोलणे मूल ऐकता ऐकता शिकते. वाचन मात्र शिकवावे लागते, कारण लिपी हा माणसाने अवघ्या पाच हजार वर्षांपूर्वी लावलेला शोध आहे. वाचताना मेंदूला शब्दातले ध्वनी सुटे करून प्रत्येकाची अक्षराशी जोडी लावावी लागते. डिस्लेक्सिया असलेल्या मुलांच्या मेंदूत ही जोडी चटकन जुळत नाही. ती जुळवण्यास अधिक सराव लागतो, आणि तोही पायरीपायरीने.

आता आपल्या गावांचीच शिडी करू या. एस.टी.चा क्रम निराळा, वाचनाचा क्रम निराळा!

पहिली पायरी कानाची. पुस्तक मिटून 'काटेवाडी' म्हणा आणि का-टे-वा-डी अशा चार टाळ्या वाजवा. 'का' काढला तर काय उरले? 'टेवाडी'. हा खेळ पक्का झाला, की अक्षरांकडे वळा.

दुसरी पायरी 'सणसर'. यात काना नाही, मात्रा नाही. ताटात बारीक माती पसरून मुलाने बोटाने अक्षर गिरवावे आणि त्याच वेळी त्याचा ध्वनी मोठ्याने म्हणावा. डोळा, कान आणि हात एकत्र काम करतात.

तिसरी पायरी लिहिलेल्या 'काटेवाडी'ची. चौथी 'निमगाव'. येथे गंमत आहे. 'नि'मधली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, पण उच्चार आधी 'न'चा होतो. पाचवी 'लासुर्णे'. 'र' ऐकू येतो 'ण'च्या आधी, पण रफार बसतो 'णे'च्या डोक्यावर! अडखळणारा मुलगा इथेच का थांबतो, ते आता ध्यानात येईल. एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची घेऊ नये. रोज पंधरा मिनिटे पुरेत, पण खंड नको.

शिक्षकांनी प्रथम मुलाची दृष्टी व श्रवण तपासून घ्यावे. तयारीवाचून त्याला वर्गापुढे वाचायला उभे करू नये. इतिहास, विज्ञान यांचे धडे त्याला वाचून दाखवावेत, म्हणजे वाचनापायी ज्ञान मागे पडणार नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशा अध्ययन-अक्षमतेचा समावेश आहे. रीतसर तपासणी करून प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत जादा वेळासारख्या सवलती मिळतात.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही काय कराल? मधल्या सुट्टीत त्याच्या शेजारी बसा. एक ओळ दोघे मिळून वाचा, मग त्याला एकट्याला वाचू द्या. तो अडला, तर दहा आकडे मोजेपर्यंत थांबा. शब्द पुष्कळदा त्याच्या ओठांवर आलेला असतो. फक्त कोणी हसायला नको.