ट्राऊट नाही, पण मरळ आहे ना!

ते रील तुम्हीही पाहिलं असेल. गुडघाभर थंडगार नदीत उभा असलेला माणूस, त्याच्या डोक्यावरून हवेत वळणं घेत जाणारी दोरी, आणि मग हातात ठिपक्याठिपक्यांचा ट्राऊट. दोन सेकंद कॅमेऱ्याला दाखवला की मासा परत पाण्यात. शेजारी गाईड उभा. म्हटलं, आपणही करायचं! प्रॉब्लेम एवढाच की आपण पडलो बुलडाण्याचे.

ट्राऊटला पाणी लागतं साधारण १० ते १६ अंशांचं. पंचविशीच्या पुढे पारा गेला की त्याच्या जिवावर बेततं. आपल्याकडे मे महिन्यात बादलीतलं पाणीसुद्धा त्याहून गरम असतं. बरं, हिमालयातला तो ‘जंगली’ ट्राऊटही मूळचा तिथला नाहीच. ब्रिटिशांनी १९०० च्या सुमारास त्याची अंडी बोटीने आणून काश्मिरात वाढवली. हौस साहेबाची, पण मासा तिथलाच होऊन गेला.

तरी मावसभावाने पुण्याहून त्याचा फ्लाय रॉड आणून दिलाच. मग पोळ्याच्या आधीच्या रविवारी पैनगंगेच्या वरच्या अंगाला एका छोट्या तलावावर गेलो. ही नदी आपल्याच जिल्ह्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते. गाईड म्हणून सोबत गावातले भोई काका. तलावाचा ठेका मच्छीमार सोसायटीकडे आणि काका तिचे सभासद, त्यामुळे परवानगीचा प्रश्न नव्हता. (तुम्ही जाल तेव्हा आधी विचारा. तलाव ‘सरकारी’ असला तरी मासे कुणाच्या तरी पोटापाण्याचे असतात.)

साध्या गळात शिशाचं वजन दोरीला ओढत नेतं. इथे उलटं. आकड्याला पिसं आणि धागा गुंडाळून केलेल्या खोट्या किड्याला वजनच नसतं; जाड, जड दोरीच त्याला घेऊन जाते. रॉड मागे न्यायचा, दोरी पाठीमागे पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं, मगच पुढे. सगळी गंमत त्या थांबण्यात आहे. मला ते जमेना. पहिल्या अर्ध्या तासात मी बाभळीचं झाड तीन वेळा पकडलं.

काका बांधावर बसून बिडी ओढत होते. शेवटी म्हणाले, “काहून झोडपून रायला बे पाण्याले? आधी पाह्य तं खरं.”

मग खरा क्लास सुरू झाला. मरळ कल्ल्यांवर भागवत नाही, त्याला हवा घ्यायला वर यावं लागतं. त्यामुळे बेशरमीच्या झुडपांपाशी पाण्यात ‘बुळुक’ झालं की तो तिथे आहे. आपली सावली पाण्यावर पडू द्यायची नाही, काठावर पाय आपटायचे नाहीत. मासा आवाज ऐकतोच, शिवाय हादराही त्याला कळतो. दुपारपर्यंत मी एक चिलापी पकडली, तळहाताएवढी. सोडून दिली. काकांना ते फारसं पटलं नाही.

चारच्या सुमारास पाण्यावर लालसर काहीतरी हललं. गोधडीएवढा ठिपक्यांचा पुंजका, एकदम वर येणारा, एकदम खाली जाणारा. खाली काळी, जाडजूड सावली. दीड-दोन किलोचा मरळ असावा. माझा रॉड वर गेला.

“थांब!” काका पहिल्यांदाच ओरडले. “पिल्लं हायेत त्याची.”

मरळाची जोडी पिल्लांची राखण करते. जवळ येईल त्याच्यावर झेप घेते, मग तो बेडूक असो की गळ. म्हणजे या वेळी त्याला पकडणं सगळ्यात सोपं. बाजारात तो रोहू-कटल्यापेक्षा महाग जातो, आणि त्या दिवशी काकांच्या पिशवीत काहीच नव्हतं.

“मायबाप उचलले तं ही पिल्लं चिलापी खाऊन टाकीन,” ते म्हणाले. “मंग पुढच्या साली काय धरू?” सगळेच असं थांबत नाहीत, हेही त्यांनीच सांगितलं. पिल्लांचा लाल पुंजका शोधतच काही जण येतात म्हणे.

आम्ही दहा-पंधरा मिनिटं नुसते बघत बसलो. मग मी रॉड गुंडाळला. परतताना काकांनी विचारलं, “तुह्या त्या ट्राऊटची पिल्लं कोन सांभाळते?”

कुणीच नाही, मी सांगितलं. मादी खड्यांखाली अंडी पुरते आणि निघून जाते.

काका थोडं चालले. “अन् त्याच्यासाठी लोकं इतक्या लांब जातेत?”