भयपटांतील समाजचित्रण

भयपटांतील समाजचित्रण : भीती, रक्तपात व कामुकता यांच्या आकर्षणावर विसंबून कमी खर्चात काढलेल्या भयपटांत समाजातील निरनिराळ्या घटकांना मिळालेले स्थान व रूप. अशा चित्रपटांना नामवंत नटांचा किंवा सविस्तर स्वभावचित्रणाचा आधार नसतो. दुष्ट कोण, हे प्रेक्षकाला पाहताक्षणीच कळावे लागते. त्यामुळे समाजात आधीच रूढ असलेले पूर्वग्रह त्यांत जसेच्या तसे उतरतात. राक्षस म्हणून कोणाला उभे केले आहे, यावरून तो समाज कोणाला परका मानतो, हे ध्यानात येते.

भारतात या प्रकाराचा पाया मुंबईतील रामसे कुटुंबाने घातला. फाळणीनंतर कराचीहून मुंबईस आलेल्या फतेहचंद रामसिंघानी यांच्या एक नन्ही मुन्नी लडकी थी (१९७०) या चित्रपटास यश लाभले नाही. तथापि त्यातील मुखवटाधारी चोराचा प्रसंग प्रेक्षकांना भावल्याचे पाहून त्यांच्या सात पुत्रांनी भयपटांकडे मोर्चा वळविला. कुमार यांनी लेखन, गंगू यांनी छायाचित्रण, अर्जुन यांनी संकलन, तर तुलसी व श्याम यांनी दिग्दर्शन सांभाळले. दो गज जमीन के नीचे (१९७२) याचे चित्रीकरण महाबळेश्वर येथे झाले. पुराना मंदिर (१९८४) याला मोठे व्यावसायिक यश मिळाले. हे चित्रपट विशेषतः लहान शहरांतील प्रेक्षकांत लोकप्रिय होते.

या चित्रपटांत तीन ठराविक रूपे पुनःपुन्हा आढळतात : पुरुषांना भुलवून मारणारी चेटकीण, अघोरी मांत्रिक आणि विरूप वा अवाढव्य देहाचा राक्षस. वीराना (१९८८) यात चेटकिणीने पछाडलेल्या तरुणीचे सौंदर्य हेच भीतीचे व आकर्षणाचेही कारण आहे. पुराना मंदिरमधील सामरी व बंद दरवाजामधील (१९९०) पिशाच या भूमिका उंच बांध्याच्या अनिरुद्ध अगरवाल यांनी केल्या. सर्वसामान्यांहून वेगळा देह येथे दुष्टतेची खूण ठरतो. पुराना मंदिरमध्ये राजाने शिक्षा दिलेल्या सामरीचा शाप मात्र राजघराण्यातील स्त्रियांना बाळंतपणात भोगावा लागतो. पुरुषांच्या वैराची झळ स्त्रियांना लागते, हे सत्य त्यातून नकळत व्यक्त होते.

पूर्व आशियातही असेच घडले. हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स या संस्थेच्या ब्लॅक मॅजिक (१९७५) व बॉक्सर्स ओमेन (१९८३) या चित्रपटांत जारणमारणाचे मूळ अनुक्रमे मलेशियात व थायलंडमध्ये दाखविले आहे. शहरी चिनी प्रेक्षकाची भीती अशा रीतीने दक्षिणेकडील शेजाऱ्यांच्या माथी मारली गेली. याउलट दक्षिण कोरियातील मेमेंटो मोरी (१९९९) या भयपटाने दोन शाळकरी मुलींमधील प्रेम व त्यापायी त्यांच्या वाट्याला आलेला बहिष्कार सहानुभूतीने मांडला.

असेच वळण पुढे महाराष्ट्राशी निगडित भयपटांतही दिसते. विशाल फुरिया दिग्दर्शित लपाछपी (२०१७) या मराठी चित्रपटात उसाच्या शेतातील एका घरी आश्रयास आलेल्या गर्भवतीची कथा आहे. तीत भुते ही अत्याचाराचे बळी असून भयाचे मूळ मुलगी नको असलेल्या जिवंत माणसांत आहे. याच दिग्दर्शकाने छोरी (२०२१) या नावाने त्याची हिंदी आवृत्ती काढली. राही अनिल बर्वे यांच्या तुंबाड (२०१८) या हिंदी चित्रपटात कोकणातील एका ब्राह्मण घराण्याचा धनलोभच विनाशास कारणीभूत होतो. दोन्हींत भीती परक्याकडून न येता घरातूनच येते.

हा प्रश्न केवळ कलेचा नाही. नंदुरबार जिल्ह्याच्या आदिवासी भागांत स्त्रियांना ‘डाकीण’ ठरवून छळण्याचे प्रकार घडले आहेत. एखादी व्यक्ती करणी वा जादूटोणा करते, असा समज पसरवून तिला त्रास देणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमान्वये गुन्हा आहे. पडद्यावरील चेटकीण प्रेक्षकास घटकाभर घाबरविते. तोच आरोप गावात झाला, तर तो एखाद्या स्त्रीच्या जिवावर बेतू शकतो.