हसू परत आणायचं, तर कुठली संवेदना द्यायची?

मंडळी, आम्ही तत्त्वज्ञान शिकवणारे. आज शस्त्रक्रियेवर का बोलतोय? कारण ‘काय मिळवण्यासाठी काय सोडायचं’ हा आमचा जुनाच प्रश्न इथे सेंटिमीटरमध्ये मोजतात.

आपल्या चेहऱ्याचे हावभाव फेशियल नर्व्ह चालवते. कानामागून बाहेर येऊन ती कपाळ, डोळे, गाल, ओठ आणि मान यांकडे फांद्या पाठवते. गाठ काढताना कधी तिचा तुकडाच जातो. उरलेली टोकं ताण न देता जुळली तर ती थेट शिवतात. ताण पडत असेल, तर मध्ये दुसऱ्या नसेचा तुकडा जोडावा लागतो, आणि तो बहुधा त्याच माणसाच्या शरीरातून घेतात.

आता गंमत बघा. स्पर्शाची नस हालचालीच्या कामी कशी येते? जोडलेल्या तुकड्यातले मूळ तंतू मरतात. उरतात ती आवरणं आणि श्वान पेशी. कुत्र्याशी संबंध नाही बरं का, थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाचं ते नाव! या वाटेने मेंदूकडच्या टोकातून नवे तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतात. म्हणजे तुकडा फक्त रस्ता देतो.

मग रस्ता कुठून घ्यायचा? मानेतली ग्रेट ऑरिक्युलर नस जवळच असते, जाडीही जुळते. पण लांबी बेताची, आणि कानाची पाळी बधिर होते. कर्करोग तिथेच पसरला असेल, तर त्या बाजूची नस टाळतात. पोटरीतली सुरल नस तीस सेंटिमीटरच्या आसपास मिळू शकते. निरोगी बाजूची नस चेहऱ्यावरून पलीकडे न्यायची तर तीच सोयीची. तिची किंमत म्हणजे पावलाची बाहेरची कड बधिर होणं. मधुमेहाने ज्याचे पाय आधीच बधिर, त्याचा विचार वेगळा करावा लागतो. अनवाणी चिखलात उतरणाऱ्याचाही.

फार वेळ काढूनही चालत नाही. नसेविना दीड-दोन वर्षं गेली की स्नायू सहसा कामाचे राहत नाहीत. आणि सगळं यशस्वी झालं तरी चेहरा पूर्वीसारखा होत नाही. हसताना डोळाही मिटू लागतो, कारण तंतू वाट चुकतात.

लांबी आणि जाडी डॉक्टर मोजतील. कुठला बधिरपणा आयुष्यभर चालेल, हे मात्र ज्याचं शरीर त्यालाच विचारायला हवं. आणि विचारायचं ते सहीच्या कागदाआधी, त्याला समजेल अशा भाषेत.