लग्नगडी कोण होते? डहाणू-तलासरीच्या मुक्तीचा इतिहास आणि आजची उचल

गडी म्हणजे नोकर. लग्नगडी म्हणजे लग्नासाठी कर्ज घेतले म्हणून आयुष्याचा नोकर झालेला माणूस. डहाणू, तलासरी, उंबरगाव या भागातल्या वारली कुटुंबांत १९४५ पर्यंत हा शब्द रोजच्या बोलण्यातला होता. आंबेडकरी चळवळीतल्या तरुणांना तो फारसा ठाऊक नाही. तो समजून घ्यायला हवा, कारण पारतंत्र्य घरात कसे शिरते हे त्यातून कळते.

ही प्रथा चालायची कशी? इंग्रजी अमलात जमिनी सावकार-जमीनदारांच्या हाती गेल्या आणि मूळचा वारली शेतकरी आपल्याच जमिनीवर कूळ झाला. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की खावटी काढायची. लग्न ठरले की देज, जेवण आणि कपड्यांसाठी पुन्हा त्याच दारात जायचे. रक्कम शंभर-दोनशे रुपयांच्या घरात असे. ती फेडण्यासाठी नवरा जमीनदाराकडे राबे. लग्न झाल्या दिवसापासून बायकोही त्याच कर्जात धरली जाई. मजुरी नाही, फक्त पोटापुरते धान्य. हिशेब मालकाच्या वहीत आणि मजुराला अक्षरओळख नाही, त्यामुळे कर्ज फिटल्याचा दिवस उगवतच नसे. बाईवर तर दुहेरी संकट. तिच्या श्रमाबरोबर तिच्या शरीरावरही जमीनदार हक्क सांगे. ज्या लग्नातून संसार उभा राहायचा, त्याच लग्नाने कुटुंब गहाण पडत होते.

हे सरकारला माहीत नव्हते असे नाही. सिमिंग्टन या इंग्रज अधिकाऱ्याने १९३९ च्या अहवालात मुंबई प्रांतातल्या आदिवासींच्या वेठीची नोंद केली होती. पण नुसत्या अहवालाने वेठ सुटली नाही. ती सुटली संघटनेमुळे.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन झाले. तिथे गेलेल्या वारल्यांनी गोदावरी आणि शामराव परुळेकरांना आपल्या भागात बोलावले. २३ मे १९४५ रोजी झरी गावात हजारो वारली जमले. फुकट वेठ करायची नाही, रोज बारा आणे रोख मजुरी मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर जायचे नाही, कोणी मारहाण केली तर सगळ्यांनी मिळून प्रतिकार करायचा आणि एकी मोडायची नाही, असे तिथे ठरले. पुढच्या काही आठवड्यांत लोकांनी वाड्या-वाड्यांवर जाऊन लग्नगड्यांना मोकळे केले. देश स्वतंत्र व्हायला अजून दोन वर्षे होती.

त्याची किंमतही द्यावी लागली. गवत कापणीच्या मजुरीसाठी संप सुरू झाला. मागणी होती पाचशे पौंड गवतामागे अडीच रुपये. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण हुतात्मा झाले.

इथे एक दुवा आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवावा. शामराव परुळेकर १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधिमंडळात निवडून आले होते. त्याच वर्षी बाबासाहेबांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत आणला. पुढे शामरावांचा राजकीय मार्ग वेगळा झाला. तरी कोकणातला खोतीविरोध, महार वतनाविरुद्धचा लढा आणि वारल्यांचा उठाव यांचा प्रश्न एकच होता: दुसऱ्याच्या श्रमावर जन्मभराचा हक्क कोणी कसा सांगू शकतो?

गोदावरीताईंनी हा इतिहास ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिला. त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. स्वातंत्र्यलढ्याच्या पुस्तकांत सहसा सभा, तुरुंग आणि पुढारी भेटतात. इथे झोपडी, भूक, लग्न आणि मालकाची भीती भेटते. अभ्यासगटांनी ते जरूर वाचावे.

कर्ज आणि स्वातंत्र्य यांचे हे नाते भगवान बुद्धांनीही ओळखले होते. अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगताना त्यांनी ऋणमुक्तीचे, म्हणजे ‘अनण’ असण्याचे सुख त्यात गणले. उपसंपदेच्या वेळी भिक्खूला आजही विचारतात, तू स्वतंत्र आहेस ना, ऋणमुक्त आहेस ना? उपासकाने माणसांचा व्यापार करू नये, हीही तथागतांचीच शिकवण.

संविधानाच्या कलम २३ ने वेठबिगार आणि माणसांचा व्यापार यांना मनाई केली. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असे कर्जच रद्द ठरवले. कर्ज वेठीचे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे, मजुरावर नाही. एशियाड मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये आणखी स्पष्ट केले की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणे ही कलम २३ नुसार सक्तीची मजुरीच आहे.

मग आज काय? दिवाळीनंतर पालघर जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, कोणी गुजरातच्या मासेमारी बोटींवर खलाशी म्हणून जातो. आधी हातात उचल पडते. ती कधी आजारपणासाठी घेतलेली असते, कधी लग्नासाठी. प्रत्येक उचल म्हणजे वेठबिगारी नव्हे. पण काम सोडून जाता येत नसेल, दुसरीकडे काम धरता येत नसेल किंवा किमान वेतन मिळत नसेल, तर प्रश्न कायद्याचा आहे. वसई भागात विधायक संसद आणि श्रमजीवी संघटनेने १९८० च्या दशकापासून याच कायद्याच्या आधारे मजूर सोडवले.

कार्यकर्त्याने तीन गोष्टी कराव्यात. हंगामाला निघालेल्या प्रत्येक कुटुंबाकडे उचलीची आणि मजुरीची लेखी नोंद असेल हे पाहावे. अडवणूक दिसली की तहसीलदार, प्रांत किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्यावी आणि सुटका झाल्यावर मुक्तता प्रमाणपत्र मागावे, कारण पुनर्वसन त्यावर अवलंबून असते. तिसरे काम आपल्या घरातले आहे. बौद्ध पद्धतीचा मंगलविधी मुळात साधा आणि कमी खर्चाचा आहे. त्यावर मंडप, डीजे आणि जेवणावळीचे कर्ज चढवून आपण तरुण जोडप्याला पहिल्याच दिवशी देणेकरी करत असू, तर लग्नगड्याची गोष्ट अजून संपलेली नाही.