शिकवण्याचा तास आणि आयकराची पावती
(लेखमाला : कर आणि समाज, भाग 7)

मागच्या भागात आपण देणगीची पावती आणि आयकरातले कलम 80जी पाहिले. तो विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. संस्थेला पाच हजारांचा चेक देणाऱ्याला करात सवलत मिळते, मग दर शनिवार-रविवार वस्तीत जाऊन मुलांना गणित शिकवणाऱ्याला का मिळत नाही?

कायद्याचे उत्तर सरळ आहे. 80जीची सवलत फक्त पैशाच्या देणगीला मिळते. वह्या, धान्य, जुना संगणक अशा वस्तूंना ती नाही आणि श्रमांनाही नाही. रोख देणगी 2,000 रुपयांपेक्षा जास्त असेल तर तिलाही नाही. आणि ज्याने नवी कररचना निवडली, त्याच्यासाठी 80जीचे दारच बंद आहे.

हे ऐकून अनेक जण दुखावतात. पण वेळेपुरते बोलायचे तर कायदा इथे अन्याय करत नाही, आणि हे आकड्यांतच पाहायला हवे. समजा, 30 टक्क्यांच्या टप्प्यातला, जुनी कररचना निवडलेला एक अभियंता वर्षात 100 तास शिकवतो. संस्थेने त्याला तासाला 500 रुपये दिले, तर त्याच्या उत्पन्नात 50,000 रुपयांची भर पडेल आणि त्यावर 15,000 रुपये कर लागेल (उपकर धरलेला नाही). ती सगळी रक्कम त्याने संस्थेलाच देणगी दिली, तर बहुतेक संस्थांच्या बाबतीत निम्म्या रकमेची, म्हणजे 25,000 रुपयांची वजावट मिळेल आणि 7,500 रुपये वाचतील. उरलेले 7,500 रुपये त्याला पदरचे भरावे लागतील. तोच अभियंता फुकट शिकवतो तेव्हा त्या 100 तासांवर एक रुपयाही कर बसत नाही. न कमावलेल्या पैशावरची ही पूर्ण माफीच झाली. त्यावर पुन्हा तासांची किंमत वजा करू दिली, तर एकाच कामासाठी दोनदा सवलत दिल्यासारखे होईल. शिवाय तास खरेच भरले का, तासाचा दर किती, हे ठरवणार कोण?

म्हणूनच अमेरिकेतही स्वयंसेवकाच्या वेळेची वजावट मिळत नाही. कंपन्यांच्या सीएसआरलाही आपल्याकडे हाच नियम आहे : कर्मचारी शाळेत जाऊन शिकवतात त्या तासांचे पैशात मोल करून ते सीएसआर खर्चात दाखवता येत नाही.

खिशातून होणाऱ्या खर्चाची गोष्ट मात्र अगदी वेगळी आहे. बसचे तिकीट, दुचाकीचे पेट्रोल, झेरॉक्स, खडू, मुलांसाठी आणलेल्या पाट्या. हा पैसा स्वयंसेवकाने आधी कमावलेला असतो, त्यावर कर भरलेला असतो आणि मग तो संस्थेच्या कामावर घातलेला असतो. देणगीहून तो कोणत्या अर्थाने वेगळा आहे? माझ्या मते कोणत्याच नाही, आणि आपल्या कायद्याची खरी उणीव इथे आहे.

अमेरिकेने हे मान्य केले आहे. तिथे नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी केलेला आणि परत न मिळालेला खर्च देणगीत धरता येतो. तिथल्या कितीतरी मराठी मंडळांच्या शनिवार-रविवारच्या शाळा स्वयंसेवक शिक्षकांवर चालतात. मंडळाला करमुक्त धर्मादाय संस्थेचा दर्जा असेल, तर त्या शिक्षकांनाही ही तरतूद लागू होते. पण तिचा लाभ किती तुटपुंजा आहे पाहा. गाडीच्या प्रवासाला मैलामागे 14 सेंट धरायचे, हा दर 1997च्या कायद्यात ठरला आणि तिथेच गोठला. धंद्यासाठी गाडी चालवणाऱ्याचा दर मात्र वेळोवेळी वाढत 2025मध्ये 70 सेंटवर गेला. शाळेला जाऊन-येऊन 40 मैल होत असतील, तर एका फेरीची वजावट फक्त 5 डॉलर 60 सेंट. तीही 2025च्या नियमानुसार जो खर्चांची यादी देऊन वजावट मागतो त्यालाच, आणि तिथले दहापैकी नऊ करदाते ठोक वजावटीवरच थांबतात.

जर्मनीने वेगळी वाट धरली. सार्वजनिक किंवा धर्मादाय संस्थेत फावल्या वेळात शिकवणाऱ्याला किंवा प्रशिक्षण देणाऱ्याला थोडे मानधन घेऊ द्यायचे आणि ते ठरावीक मर्यादेपर्यंत करमुक्त ठेवायचे. 2021मध्ये ही वार्षिक मर्यादा 3,000 युरो झाली. मला ही पद्धत जास्त प्रामाणिक वाटते. शिकवणाऱ्याच्या हातात काही पैसे पडतात आणि त्याला तासांची किंमत सिद्ध करत बसावे लागत नाही.

आता आपल्याकडे शिकवणारे कोण आहेत ते पाहू. केंद्राच्या ‘उल्लास’ नवभारत साक्षरता कार्यक्रमाचे उद्दिष्ट 2022 ते 2027 या काळात 15 वर्षांवरील 5 कोटी असाक्षरांपर्यंत पोहोचण्याचे आहे आणि तो सारा स्वयंसेवकांच्या भरवशावर उभा आहे. घरातल्या आजीला अक्षरे गिरवायला लावणारी नात, शेजारणीला सही शिकवणारी गृहिणी, महाविद्यालयीन मुले, निवृत्त गुरुजी. यांतल्या बहुतेकांवर आयकराचा बोजा नाहीच. नव्या कररचनेत 2025-26पासून 12 लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर शून्य आहे. ज्याला करच नाही त्याला करसवलत देऊन काय मिळणार? सवलतीचा मोठा वाटा त्या 30 टक्क्यांच्या टप्प्यातल्या अभियंत्याला जाईल आणि रोज संध्याकाळी कंदील किंवा मोबाइलच्या उजेडात शिकवणारी मुलगी कोरडीच राहील. म्हणून माझा आग्रह आधी प्रवासखर्च आणि साहित्यखर्च रोख परत देण्याचा आहे. करातली वजावट त्यानंतर.

तोवर कायद्यात बसणारा एक मार्ग आहे. स्वयंसेवकांनी खर्चाची खरी बिले संस्थेला द्यावीत आणि ती रक्कम परत घ्यावी. प्रत्यक्ष झालेल्या खर्चाची भरपाई म्हणजे कमाई नव्हे. ज्याला ते पैसे संस्थेलाच द्यायचे असतील, त्याने वेगळी देणगी बँकेतून द्यावी आणि फॉर्म 10बीईचे प्रमाणपत्र मागावे. जुनी कररचना निवडली असेल, तर त्यावर 80जीची वजावट मिळते. संस्थेच्या हिशेबातही शिकवणीचा खरा खर्च दिसतो आणि पुढच्या वर्षी निधी मागताना तो दाखवता येतो. अनेक छोट्या संस्था हा खर्च लिहीतच नाहीत आणि मग शिकवणे फुकटात होते असा समज देणगीदारांत पसरतो.

पुढच्या भागात : 80जीची नोंदणी नसलेल्या गावातल्या मंडळाने ती कशी मिळवावी.