कॅनडा : कौशल्यशिक्षण मूळ रहिवाशांच्या हाती

मूळ रहिवासी कोण? १९८२ च्या राज्यघटना कायद्याच्या कलम ३५ नुसार तीन समूह : फर्स्ट नेशन्स (कायद्यातला शब्द ‘इंडियन’), इनुइट आणि मेटी. २०२१ च्या जनगणनेत सुमारे १८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या ५ टक्के.

मूलभूत कौशल्ये : २०२१ पर्यंतच्या सरकारी यादीत नऊ होती. वाचन, लेखन, आकडेमोड, तोंडी संवाद, मिळून काम करणे, विचार, संगणक, सतत शिकत राहणे. शिवाय अर्ज, तक्ते, नकाशे समजून वापरणे. हे शेवटचे सहज नजरेआड होते, पण गोदामापासून दवाखान्यापर्यंत रोज लागते. २०२१ मध्ये यादी बदलली, संख्या नऊच राहिली. जुळवून घेणे आणि सर्जनशीलता नव्याने आली.

पैसा कोणाचा, निर्णय कोणाचा? २०१९ पासूनच्या संघीय रोजगार-प्रशिक्षण कार्यक्रमात निधी केंद्राचा, पण प्रशिक्षणाची आखणी आणि अंमलबजावणी करारबद्ध मूळ रहिवासी संस्थांची. फर्स्ट नेशन्स, इनुइट, मेटी आणि शहरी मूळ रहिवासी यांच्यासाठी वेगवेगळे प्रवाह.

समाजाने उभारलेल्या संस्था
• सस्कॅचवान इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीज (१९७६)
• गॅब्रिएल ड्यूमाँट इन्स्टिट्यूट, सस्कॅचवान (१९८०) : मेटी समाजाची.
• निकोला व्हॅली इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, ब्रिटिश कोलंबिया (१९८३) : पाच फर्स्ट नेशन्सनी मिळून स्थापलेली.

पार्श्वभूमी : मूळ रहिवाशांच्या मुलांना घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळा १९९० च्या दशकापर्यंत चालल्या. या शाळांचा इतिहास तपासणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाने २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या. सातवी शिक्षण व रोजगारातील दरी मिटवण्याची, तर ९२ वी खासगी उद्योगांना उद्देशून : नोकऱ्या आणि प्रशिक्षणात समान संधी द्या.