‘गोठ्यात पाय घसरला’

हात मोडलेली बाई दवाखान्यात असेच सांगते. डॉक्टर प्लास्टर घालतात, ती त्याच घरी परतते. आम्हीही अशा बहिणींना ‘सोसून घे, बाई’ म्हणून परत धाडले आहे, ते चुकलेच. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली ‘दिलासा’ केंद्र निघाले. तेथे नवऱ्याला बाहेर ठेवून बाईला एकांतात विचारतात, आणि आज घरी जाणे धोक्याचे आहे काय, हे तिच्याबरोबर बसून ठरवतात.

बलात्कार झाला असल्यास सरकारी वा खासगी, कोणत्याही इस्पितळाने मोफत उपचार केलेच पाहिजेत, पोलिसांत तक्रार नसली तरी. पुष्कळांना हे ठाऊकच नाही! एचआयव्ही टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. कापणी उरकू द्या, असे म्हणू नका. अंगावरचे कपडे धुऊ नका, बरोबर न्या. मदतीसाठी १८१ फिरवा. रात्री गाडी मिळाली नाही तर आम्हाला उठवा.